बगळ्याच्या डब्यात ढाल

टायपिंगची परीक्षा पास झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती मोटारगाड्यांच्या एजन्सीत. सत्तर सालच्या आगेमागेची गोष्ट. एजन्सी नागपुरात सदरमध्ये होती आणि मी इंदोरा वस्तीतून सायकलने जायची. वडील मिलमध्ये होते. मुलगी मोटारींच्या कंपनीत लागली म्हणून त्यांनी आपल्या खात्यातल्या सगळ्यांना चहा पाजला, तेव्हा एकाने विचारलं म्हणे, "पोरगी गाडी चालवते का?" चालवणं सोडा, मी तोवर मोटारीत बसलेसुद्धा नव्हते.

आमची एजन्सी एका विलायती गाडीची होती. तिच्या बॉनेटवर मान ताठ करून उभा असलेला चकचकीत बगळा असे. गाडीचं इंग्रजी नाव लांबलचक, कुणाच्या तोंडात न बसणारं, त्यामुळे नागपुरात तिला सगळे बगळाच म्हणत. अमक्या वकिलांनी बगळा घेतला, तमक्यांचा बगळा घाटात गरम झाला, असं. विलायतेहून आख्खी गाडी येणं तर केव्हाच बंद झालं होतं. मुंबईकडे जुळणी होऊन वर्षातून मोजक्या गाड्या येत. बाकी सगळा कारभार जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचा आणि सुट्या भागांचा.

दुरुस्तीची शेड मागे होती आणि तिथे वस्तादांचं राज्य होतं. वस्ताद म्हणजे आमचे हेड मेकॅनिक. पन्नाशीला आलेले, बुटके, हातांना ग्रीसचा कायमचा रंग बसलेला. तरुणपणी ते या एजन्सीत लागले आणि दुसऱ्या कुठल्या गाडीला त्यांनी हात लावला नाही. एखादं गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं, की वस्ताद इंजिन चालू करत, पाण्याने काठोकाठ भरलेला पेला बॉनेटवर ठेवत आणि म्हणत, "सांडला तं सांगा." पेला सांडत नसे. गिऱ्हाईक गप्प बसे.

गावात दुसरी एजन्सी होती सीताबर्डीला. तिच्या गाडीच्या नाकावर एक छोटी निळी ढाल असे, म्हणून ती गाडी ढाल. हायकोर्टाचे वकील आणि काटोलकडचे संत्र्याचे बागवाले बगळा वापरत; डॉक्टर आणि कोळसा खाणींचे मॅनेजर ढाल. वस्तादांच्या लेखी ढाल ही गाडीच नव्हती. "डबा होय तो," ते म्हणत, "चाकं लावलेला." एका लग्नात जेवायला बसल्यावर शेजारी ढालवाल्यांचा माणूस येऊन बसला, तर वस्ताद उठून दुसऱ्या पंगतीला गेले, हे मला एजन्सीतल्या प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं होतं.

डाक उघडण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे ते पत्र एजन्सीत सगळ्यांत आधी मी वाचलं. मुंबई ऑफिसने कळवलं होतं, की विलायतेत बगळा बनवणारी कंपनी आणि ढाल बनवणारी कंपनी एक झाल्या आहेत. दोन्ही गाड्या आपापल्या नावानेच निघत राहतील आणि गिऱ्हाइकांना कसलाही फरक जाणवणार नाही, याची खात्री असावी. पत्राच्या माथ्यावर नवं नाव छापलं होतं. दोन्ही कंपन्यांची नावं, मध्ये आडवी रेघ.

मालकांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "वस्तादांना तुम्हीच सांगा."

मी शेडमध्ये जाऊन सांगितलं. वस्ताद गाडीखाली होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते. ते पाय बराच वेळ हलले नाहीत. मग आतून आवाज आला, "बाई, तुमची इंग्रजी कच्ची आहे."

घरी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. माझं लग्न जमवायचं चाललं होतं, त्यामुळे तिला तेच सुचलं. "म्हंजे कंपन्यांचं लगन झालं म्हणा की. मंग नाव कोणाचं रायलं?"

"दोघांचंही. मध्ये रेघ आहे."

"रेघ किती दिवस रायते ते पाय," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सहा-सात महिन्यांनी दुसरं पत्र आलं. एका गावात आता एकच एजन्सी राहणार होती. आमची शेड मोठी म्हणून नागपुरात आमची राहिली आणि सीताबर्डीची बंद झाली. तिथली बरीच माणसं इकडेतिकडे गेली. एक मात्र आमच्याकडे येणार होता, त्यांचा स्टोअरबाबू. सुटे भाग त्याच्या ताब्यात असत आणि ढालीचा कुठला भाग कुठल्या नंबरचा, हे त्याच्याइतकं मध्य भारतात कुणाला ठाऊक नाही, असं मालक म्हणाले. वस्तादांनी ऐकलं आणि हातातला पाना जरा जोरात खाली ठेवला.

स्टोअरबाबू आले ते तीन हातठेल्यांबरोबर चालत. सीताबर्डीहून सदरपर्यंत, ठेल्यांवर खोकी रचलेली आणि हे बाजूने एका हाताने खोकी धरत. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा. त्या एजन्सीचा निळा शर्ट त्यांच्या अंगात होता आणि खिशावर ढाल भरतकामाने काढलेली. मालक मऊ माणूस. त्यांनी अवघडत सांगितलं, की तेवढं चिन्ह शर्टावरून काढावं लागेल. दुसऱ्या दिवशी स्टोअरबाबू तोच शर्ट घालून आले. बायकोने धागे उसवून दिले होते. पण इतक्या वर्षांच्या धुण्याने सगळा शर्ट विटला होता आणि भरतकामाखालचं कापड तसंच गडद राहिलं होतं. धाग्यांशिवायही ढाल दिसतच होती.

वस्तादांनी त्यांना जागा दिली बॅटरीच्या खोलीशेजारची, जिथे ॲसिडच्या वासाने डोळे चुरचुरत. स्टोअरबाबूंनी तक्रार केली नाही. रॅक पुसले, खोकी लावली, आणि सुट्या भागांचे नंबर लिहिलेल्या कार्डांची आपली लाकडी पेटी टेबलावर ठेवली. दोघं एकमेकांशी बोलत नसत. जे सांगायचं ते माझ्यामार्फत, तेही समोरासमोर उभे असताना.

"बाई, त्याले सांगा, बगळ्याच्या रॅकले हात लावाचा नाही."

"बाई, वस्तादले सांगा, मी माह्या रॅकपुरताच आहो."

मी दोघांच्या मध्ये उभी राहून नुसती मान हलवायची. त्यांना तेवढं पुरे होई.

असे चार-पाच महिने गेले. मे महिना लागला. नागपूरच्या मे महिन्यात गाड्या रस्त्यावर वाफा सोडत उभ्या राहतात, आणि त्यात पाण्याचा पंप गेला की संपलंच. पंप इंजिनातलं पाणी फिरवतो, तो बंद पडला की दहा मिनिटांत गाडी उकळते. एका वकिलांची गाडी अशीच दोरीने ओढत आणली होती. वस्तादांनी बगळ्याच्या रॅकवरून पंपाचं कोरं खोकं घेतलं. वर बगळा छापलेला. खोकं फोडलं, मेणकागद सोडवला आणि तसेच ते पंप घेऊन तडक स्टोअरबाबूंच्या टेबलापाशी आले. मी तिथेच मागणीपत्र टाइप करायला बसले होते.

"हे काय होय?"

पंपाच्या लोखंडावर, ओतीव कामातच, छोटी ढाल उठवलेली होती.

पहिल्यांदाच ते स्टोअरबाबूंशी थेट बोलत होते. "बगळ्याच्या डब्यात तुमचा माल घालता? माहा पंप कुठी गेला? कोणाले इकला?"

शेडमधले सगळे हात थांबले. स्टोअरबाबूंनी पंप हातात घेतला, उलटा करून पाहिला, ढालीवर बोट फिरवलं. "आमचाच आहे," ते म्हणाले. "पण म्या नाही ठेवला." मग त्यांनी पेटीचं झाकण लावलं, टेबलाखालचा जेवणाचा डबा घेतला, चपला घातल्या आणि भर उन्हात निघून गेले.

ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही.

माझ्या मनात काहीतरी टोचत होतं. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईहून एक परिपत्रक आलं होतं, चार पानी, सगळे तक्ते आणि नंबर. त्याच आठवड्यात माझा साखरपुडा होता. पहिलं पान वाचून मी ते फायलीत लावून टाकलं होतं. आता काढून पाहिलं तर तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की यापुढे दोन्ही गाड्यांना एकच पंप राहील. तो ढालीच्या कारखान्यात ओतला जाईल आणि ज्या त्या गाडीच्या खोक्यात भरून येईल.

परिपत्रक घेऊन मी वस्तादांकडे गेले. चूक माझी होती, हे आधी सांगितलं. मग वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे बगळ्यात आता ढालीचा पंप?"

"हो."

"आन् डबा?"

"डबा बगळ्याचा."

मला वाटलं होतं ते माझ्यावर ओरडतील. त्यांनी तो पंप स्वतः वकिलांच्या गाडीत बसवला आणि इंजिन तासभर चालू ठेवून रेडिएटरवर हात ठेवून उभे राहिले. गाडी गार राहिली. इतकी वर्षं ज्या गाडीला डबा म्हटलं तिचा पंप चांगला निघावा, याचं त्यांना जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. तोवर मी त्यांना बाईच होते. त्या दिवशी ते म्हणाले, "पोरी, तू चाल माह्यासंग. मले बोलता नाही येत."

स्टोअरबाबू इतवारीत राहायचे, भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. सायकली बाहेर ठेवून आम्ही जिना चढलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं. "घरीच आहेत," ती हळूच म्हणाली, "पण कोणाशी बोलून नाही राहिले. जेवतातही उभ्या उभ्या."

स्टोअरबाबू खाटेवर बसले होते. आम्हाला पाहून उठले, खुर्ची पुढे केली. वस्ताद बसले नाहीत.

"चूक झाली," वस्ताद म्हणाले. वाटेत त्यांनी बरंच काही पाठ केलं असावं, निघालं एवढंच.

"तुम्ही मले चोर म्हटलं."

"म्हटलं."

"चोवीस वर्सं झाली, कोणी नाही म्हटलं."

"माहीत आहे मले."

परिपत्रकाचं मी सांगितलं. माझी माफीही मागितली. स्टोअरबाबूंनी ऐकून घेतलं, पण त्यांचं मन तिथे नव्हतंच. ते बोलायला लागले, आमच्याकडे न पाहता.

"एजन्सीचा बोर्ड उतरवला न, त्या दिवशी मी खालीच उभा होतो. लय मोठा बोर्ड. ते लोक वर चढले होते, दोर लावून राहिले होते, आन् मी खालून ओरडून सांगून राहिलो होतो, सांभाळून, कोपरा लागन, ढाल फुटन. बोर्ड खाली आला, तसाच ठेल्यावर टाकला, भंगारात गेला. घरी आलो आन् मंग वाटलं, मी कोणासाठी सांगत होतो?"

त्यांची बायको दारात चहाचे कप घेऊन थांबली होती, ती तशीच उभी राहिली.

वस्ताद म्हणाले, "बगळ्याचं असं कधी..." आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग खुर्ची ओढून बसले. "उद्या या," ते म्हणाले. "ते बॅटरीच्या खोलीजवळ नका बसू. माह्या शेजारी टेबल लावतो."

स्टोअरबाबू दुसऱ्या दिवशी आले.

त्यांची दोस्ती लगेच झाली नाही. आधी माझ्यामार्फतचं बोलणं बंद झालं, मग एकत्र चहा, आणि पुढच्या हिवाळ्यात एकदा मी वस्तादांना म्हणताना ऐकलं, "काहून गा, आज उशीर?" तो जवळच्या माणसालाच लावायचा 'गा' ऐकला तेव्हा मी टाइप करायची थांबले.

मग ढाल गेली. आई म्हणाली होती तेच झालं, ती आडवी रेघ तीन वर्षंसुद्धा टिकली नाही. पत्राच्या माथ्यावर एकच नवीन नाव आलं, ना बगळ्याचं ना ढालीचं, आणि मजकुरात होतं, की ढाल या नावाची गाडी यापुढे निघणार नाही. गिऱ्हाइकांना कळवायची पत्रं मी टाइप केली. धंतोलीत एक डॉक्टरबाई होत्या. स्वतः गाडी चालवत उमरेडकडच्या खेड्यांत बाळंतपणं करायला जायच्या. त्या पत्र हातात घेऊनच आल्या.

"म्हणजे माझी गाडी आता कुणाची?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे. खरंच कळत नसल्यासारखं.

"गाडी तुमचीच आहे, डॉक्टरबाई," स्टोअरबाबू म्हणाले. "फक्त तिच्या मागं कोणी नाही रायलं."

"आपण आहो न," वस्ताद शेडमधून म्हणाले.

आणि खरंच, त्या दोघांनी ती गाडी चालू ठेवली. स्टोअरबाबू कार्डं चाळून सांगत, बगळ्याचा कुठला भाग ढालीला जवळपास बसेल. वस्ताद तो घासून, पत्र्याची चकती घालून बसवत. कंपन्या एकत्र झाल्यामुळे एक चांगलं झालं होतं, आतले बरेच भाग सारखे होत गेले होते. जबलपूर, रायपूरकडूनही ढालवाले येऊ लागले. मी त्यांना बसायला खुर्च्या द्यायची आणि ते आपापल्या गाडीबद्दल असे बोलायचे, जसं आजारी माणसाबद्दल बोलतात.

बगळ्याची पाळी आणखी काही वर्षांनी आली. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगी शाळेत जायला लागली होती. ते पत्र मी उघडलं, वाचलं आणि वस्तादांऐवजी आधी स्टोअरबाबूंना दाखवलं. नवीन कंपनीला आता एकच नाव ठेवायचं होतं. बगळा बंद. एजन्सीचा बोर्ड पुढच्या सोमवारी उतरवायचा, मालक स्कूटर आणि मोपेडची एजन्सी घेणार.

स्टोअरबाबूंनी पत्र हातात घेतलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण आता काही वाचायची गरजही नव्हती. वस्तादांना मालकांनी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागले.

शनिवारी स्टोअरबाबू माझ्याकडे आले. "बाई, एक काम आहे. डॉक्टरबाईले फोन लावा आन् म्हणा, सोमवारी सकाळी गाडी पाठवा. लांबवर चालवून पाहाची आहे म्हणा."

"काय झालंय गाडीला?"

"काही नाही झालं."

मला कळलं. सोमवारीच बोर्ड उतरायचा होता. डॉक्टरबाईंनाही फोनवर दोन वाक्यांत कळलं. त्या स्वतःच गाडी घेऊन आल्या, किल्ली स्टोअरबाबूंच्या हातात दिली आणि रिक्षाने परत गेल्या.

"चढावर आवाज करते म्हणतात," स्टोअरबाबू वस्तादांना म्हणाले. "रामटेकपर्यंत नेऊन पाहू. माह्यानं नाही कळणार, तुम्ही चाला."

वस्तादांनी समोरच्या बोर्डाकडे पाहिलं, मग स्टोअरबाबूंकडे. वाटलं, आता नाही म्हणतील. त्यांनी हात पुसले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. एकेकाळी बगळ्याशिवाय कशालाही हात न लावणारा माणूस ढाल चालवत कामठी रोडने निघून गेला. अकरा वाजता दोर घेऊन माणसं आली. बोर्ड उतरला तेव्हा मी खाली उभी राहिले नाही. आत बसून काहीतरी टाइप करत राहिले. काय, ते आता आठवत नाही.

ते दोघे परतले संध्याकाळी साडेपाचला. गाडी फाटकातून आत आली. भिंतीवर बोर्डाच्या जागी स्वच्छ, रंग न उडालेला लांब चौकोन होता. वस्ताद उतरले, तिकडे एकदा पाहिलं आणि वळले.

"गाडीत काही दोष नव्हता," ते म्हणाले.

"माहीत आहे," स्टोअरबाबू म्हणाले.

वस्ताद बाकड्यावर बसले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते सगळं प्यायलं आणि रिकाम्या पेल्याकडे पाहत म्हणाले, "रामटेकच्या घाटात बरी चढते, बाप्पा. खोटं कशाले बोलू." मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते ग्रीसच्या फडक्यानेच पुसलं, त्याने गालावर काळा पट्टा उमटला. स्टोअरबाबू शेजारी बसून होते.

मोपेडच्या एजन्सीत मी राहिले, ते दोघे राहिले नाहीत. हुडकेश्वरकडे तेव्हा नुसती शेतं होती आणि कुठेकुठे घरांच्या प्लॉटचे ले-आउट पडायला सुरुवात झाली होती. तिथे त्यांनी रस्त्याच्या कडेला टिनाची शेड टाकली. नाव काय द्यायचं यावर त्यांचं एकमत झालं नाही, म्हणून दिलंच नाही. गावभरातले बगळे आणि ढाली शोधत शोधत तिथे यायचे, दरवर्षी थोडे कमी.

एका रविवारी मी मुलीला घेऊन गेले होते. वस्ताद एका उघड्या इंजिनावर वाकलेले, स्टोअरबाबू आपल्या कार्डांत, आणि दोघांचा वाद चाललेला, दोन्हींतलं कुठलं इंजिन मुळात चांगलं होतं यावर. मला पाहून दोघेही मलाच पंच करायला निघाले. मी म्हटलं, मी अजून दोन्हींपैकी एकाही गाडीत बसलेले नाही. दोघं थक्क होऊन माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात जवळच्या नव्या घरांतली एक बाई पिशवीत मिक्सर घेऊन आली. "दुरुस्त होते का वं इथं?" तिने मलाच विचारलं.

"हे मोटारीचं दुकान आहे, बाई," वस्ताद मान वर न करता म्हणाले.

स्टोअरबाबूंनी पिशवी घेतली, मिक्सर बाहेर काढला आणि बुडाशी काय छापलंय ते चष्मा वर करून पाहू लागले. "ठेवून जा," ते म्हणाले. "संध्याकाळी घेऊन जाजा."

वस्ताद काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी स्क्रू काढायचा पेचकस पुढे केला.